डिस्क क्लोनिंग

संगणकाच्या एका डिस्कवरचे सगळे काही, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, पार्टिशन टेबल (डिस्कचे कप्पे, म्हणजे पार्टिशन, कुठे सुरू होऊन कुठे संपतात याची यादी), संगणक सुरू करणारा बूटचा भाग आणि फाइली, जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर उतरवणे म्हणजे क्लोनिंग. हीच नक्कल एखाद्या फाइलीत साठवून ठेवली, तर तिला डिस्क इमेज म्हणतात. नुसत्या फाइली कॉपी करून नव्या डिस्कवरून संगणक सुरू होत नाही. म्हणून हा खटाटोप.

युनिक्समधील 'डीडी' ही जुनी आज्ञा डिस्कवरचा प्रत्येक बाइट वाचते, रिकामी जागासुद्धा. तिच्यात उगम आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली, तर मूळ डेटाच पुसला जातो. न्यूझीलंडमध्ये १९९५ मध्ये तयार झालेल्या आणि १९९८ मध्ये सिमँटेकने घेतलेल्या 'घोस्ट'ने हे काम कचेऱ्यांमध्ये रुळवले. तैवानमधील 'क्लोनझिला' हे मुक्त सॉफ्टवेअर फाइल सिस्टीम (फाइली डिस्कवर मांडण्याची पद्धत) ओळखून डिस्कवरचे फक्त वापरलेले तुकडे, म्हणजे ब्लॉक, उचलते, त्यामुळे इमेज बरीच लहान होते.

खरी अडचण येते ती दोन डिस्क सारख्या नसताना. वेष्टनावर १ टीबी क्षमता लिहिलेल्या दोन वेगवेगळ्या डिस्कमध्येही काही सेक्टरांचा (डिस्कवरच्या सर्वांत लहान तुकड्यांचा) फरक असू शकतो, आणि लक्ष्य तेवढ्यानेही लहान पडले तर नक्कल अडते. अशा वेळी मूळ डिस्कवरचे शेवटचे पार्टिशन आधी आकसून घ्यावे. लक्ष्य मोठे असले, तर उरलेली जागा मोकळी पडून राहते आणि पार्टिशन नंतर वाढवावे लागते. जीपीटी या नव्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलाची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते. मोठ्या डिस्कवर बाइटशः नक्कल केल्यास ती मध्येच कुठेतरी राहते आणि शेवटाला हलवावी लागते. पार्टिशन टेबलाच्या जुन्या एमबीआर पद्धतीत ५१२ बाइटच्या सेक्टरांवर सुमारे २.२ टीबीपुढची जागा वापरताच येत नाही. सेक्टर ४,०९६ बाइटचे असले, तर ५१२च्या हिशोबाने लिहिलेले टेबल चुकीच्या जागा दाखवते. काही यूएसबी डबे (डिस्क आत बसवून संगणकाला बाहेरून जोडण्याची खोकी) हा आकार बदलून दाखवतात, त्यामुळे डब्यात केलेली नक्कल डिस्क थेट बसवल्यावर वाचता येत नाही. हा दोष शोधायला फार वेळ जातो.

साटा (जुनी जोडणी) डिस्कवरून एनव्हीएमई (नवी, वेगवान जोडणी) डिस्कवर जाताना विंडोजला योग्य ड्रायव्हर (डिस्क चालवणारा छोटा प्रोग्रॅम) वेळेवर मिळाला नाही, तर बूट थांबते. एकदा सेफ मोडमध्ये (मोजक्या गोष्टींनिशी विंडोज चालू करण्याच्या पद्धतीत) सुरू केल्याने अनेकदा काम भागते. नक्कल झाल्यावर दोन्ही डिस्कची ओळखसंख्या एकच असते. दोन्ही जोडलेल्या ठेवल्या, तर विंडोज एक डिस्क ऑफलाइन करू शकते, आणि लिनक्स भलतेच पार्टिशन माउंट करू (वापरासाठी उघडू) शकते. म्हणून पहिल्या बूटच्या वेळी जुनी डिस्क काढून ठेवावी.

मरणपंथाला लागलेल्या डिस्कसाठी 'डीडीरेस्क्यू' वापरावे. ते आधी धड भाग उचलते, खराब सेक्टरांकडे नंतर वळते आणि कुठवर वाचले याची नोंद ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालू करता येते.