मणक्यातील सिमेंट भरणी आणि मेद-अंतर्कीलन

दबलेल्या किंवा मोडलेल्या मणक्यात सुईवाटे बोन सिमेंट भरताना अस्थिमज्जेतील चरबीचे थेंब शिरांमध्ये ढकलले जाऊन फुप्फुसांत अडकणे, म्हणजे या शस्त्रक्रियेतील मेद-अंतर्कीलन. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका त्याच्या जोडीनेच येतो. सिमेंट गळण्याची चर्चा फार होते, कारण त्यात बेरियम सल्फेट मिसळलेले असते आणि ते क्ष-किरणांत दिसते. चरबी दिसत नाही, म्हणून ती दुर्लक्षित राहते.

मणक्यात सिमेंट भरण्याची ही शस्त्रक्रिया, म्हणजे व्हर्टिब्रोप्लास्टी, 1984 मध्ये फ्रान्समधील आमिएं येथे गालिबेर व देरामाँ यांनी प्रथम केली. कायफोप्लास्टी या तिच्या दुसऱ्या प्रकारात आधी मणक्यात फुगा फुगवून पोकळी करतात व मग सिमेंट भरतात. मज्जा दाबली जाणे मात्र त्यातही टळत नाही.

मणक्याचा मुख्य भाग स्पंजासारखा जाळीदार असून त्याची छिद्रे मज्जेने भरलेली असतात. वय वाढते तशी तांबड्या मज्जेची जागा चरबी घेते. म्हणजे ज्यांना ही शस्त्रक्रिया बहुधा लागते, त्यांच्याच मणक्यांत चरबी अधिक. सिमेंट आत शिरले की तेवढ्याच आकारमानाचे दुसरे काहीतरी बाहेर पडणार. बाहेरची वाट मणक्यातील शिरांची, आणि पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यात झडपा नसतात. तेथून चरबी महाशिरेत, हृदयाच्या उजव्या बाजूस आणि फुप्फुसांत पोचते. मेंढ्यांवरील प्रयोगांत सिमेंटऐवजी बोन वॅक्स (हाडांसाठी वापरायचे मेण) भरले तरी रक्तदाब तसाच घसरला. दोष केवळ सिमेंटमधील रसायनाचा नसून दाबाचा आहे, हे त्यावरून दिसते. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या प्रौढांत हृदयाच्या कप्प्यांमधले जन्मजात छिद्र पूर्ण बुजलेले नसते. अशांच्या मेंदूपर्यंतही थेंब जाऊ शकतात.

मज्जेबरोबर ‘टिश्यू फॅक्टर’ हे प्रथिन रक्तात येते आणि गोठण्याची साखळी सुरू होते. सिमेंटही याला हातभार लावू शकते. अमेरिकेतील नोरियन कंपनीच्या कॅल्शियम फॉस्फेट सिमेंटने मानवी रक्तात गुठळ्या होतात, हे परीक्षानळीत आधीच दिसले होते. तरीही मणक्यासाठी परवानगी नसताना त्याचा वापर करवला गेला आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्ण दगावले. 2010 मध्ये कंपनीने गुन्हा कबूल केला, पुढच्या वर्षी चार अधिकाऱ्यांना तुरुंगवास झाला. चाचणीतली गुठळी किती गांभीर्याने घ्यायची, याचे हे कडू उदाहरण.

भूल देणाऱ्या डॉक्टरचे लक्ष म्हणून सिमेंटच्या पिचकारीचा दट्ट्या दाबला जाण्याच्या क्षणी पडद्यावर असते: ऑक्सिजन उतरतो का, रक्तदाब पडतो का, उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड एकाएकी घटतो का. पावडर व द्रव मिसळल्यावर सिमेंट टूथपेस्टइतके घट्ट होईपर्यंत थांबतात. पातळ सिमेंट शिरेत लवकर घुसते. भरणी सावकाश, टप्प्याटप्प्याने करतात. एका बैठकीत फार मणके भरू नयेत, असाही संकेत आहे. अनेक शल्यचिकित्सक तिनावर थांबतात.

धाप, गोंधळलेपण आणि छाती-काखेत बारीक लाल ठिपके ही मेद-अंतर्कीलनाची लक्षणे एक ते तीन दिवसांनीही उमटू शकतात. फुप्फुसात गेलेले सिमेंट सीटी स्कॅनमध्ये पांढऱ्या धाग्यासारखे दिसते. त्रास होत असेल तर गुठळीरोधक औषधे देतात. चरबी विरघळवणारे खात्रीचे औषध नाही. ऑक्सिजन, गरज पडल्यास कृत्रिम श्वास आणि रक्तदाबाला आधार देत फुप्फुसे सावरण्याची वाट पाहावी लागते.