कंगव्याला कापराचा वास का येतो?

जुना कंगवा, हातातलं कडं, रेडिओचं बटण, छत्रीची मूठ अशा वस्तूंचं वय ठरवताना नजर आधी घडणीवर आणि नक्षीवर जाते. पण नक्षीची नक्कल कोणीही करतं. पदार्थाची नक्कल त्यामानाने अवघड. आपण सरसकट ज्याला 'प्लास्टिक' म्हणतो, त्यात जुन्या काळचे निदान तीन अगदी वेगळे पदार्थ लपलेले असतात, आणि ते ओळखायचं पहिलं साधन म्हणजे नाक.

वस्तूचा सपाट भाग अंगठ्याने वीसेक सेकंद जोरात घासा आणि ऊब जाणवली की लगेच हुंगा. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड. 1870 च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी नायट्रोसेल्युलोजमध्ये, म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेल्या कापसात, कापूर मळून हा पदार्थ व्यवहारात आणला. कापरामुळे त्याला लवचीकपणा येतो. पण कापूर तिथे पक्का बांधलेला नसतो. तो वर्षानुवर्षं हळूहळू उडत राहतो, म्हणून वास येतो आणि म्हणूनच जुने कंगवे आक्रसून ठिसूळ होतात.

कार्बोलिक साबणासारखा उग्र वास आला तर बेकेलाइट. लिओ बेकलंड यांनी 1907 मध्ये फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून ते बनवलं. त्यात बहुधा लाकडाचा भुसा भरलेला असतो, त्यामुळे रंग काळा-तपकिरी; भुसा नसलेलं मात्र इतर रंगांतही असतं. करपलेल्या दुधासारखा किंवा ओल्या लोकरीसारखा वास केसिनचा. दुधातल्या प्रथिनापासून केलेल्या या पदार्थाचं पेटंट 1899 चं. बटणं आणि बकलं यांत तो हमखास सापडतो.

घासून वास आला नाही तर एक कड कोमट पाण्याखाली दहा-पंधरा सेकंद धरून हुंगा आणि लगेच कोरडी करा. केसिन पाणी पिऊन फुगतं, वाकतं. चिकटवलेले खडेही सुटतात. तापलेली सुई टोचून पाहायचा जुना सल्ला मात्र सरळ विसरा. सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. बाकीच्या पदार्थांनाही कायमचं भोक पडतं.

धातू नसलेल्या, न तडकलेल्या वस्तूसाठी मिठाच्या पाण्याची चाचणी चांगली. 100 मिलिलिटर पाण्यात 36 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवलं की पाण्याची घनता साधारण 1.2 होते (साध्या पाण्याची 1). नंतरच्या काळातल्या प्लास्टिकपैकी पॉलिस्टायरीन (1.05) त्यावर तरंगतं, अ‍ॅक्रिलिक (1.18) जेमतेम तरंगतं. बेकेलाइट आणि सेल्युलॉइड सुमारे 1.35 चे, म्हणून बुडतात. पीव्हीसीही बुडतं, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नका. वस्तू क्षणभरच बुडवा, साध्या पाण्याने धुवा, पुसा. केसिनचा संशय असेल तर ही चाचणी नकोच.

पितळ चकाकवायची पेस्ट कापसावर घेऊन आतल्या बाजूला हलकेच घासली की बेकेलाइटवरून पिवळा डाग उतरतो. बेकेलाइटचा, म्हणजे फिनॉलच्या रेझिनचा, पृष्ठभाग हवेने आणि उजेडाने पिवळा पडतो, तोच हा थर. म्हणून एकेकाळची पांढरी बांगडी आज लोण्याच्या रंगाची दिसते आणि निळी हिरवट. पण अलीकडे कोणी ती घासून चकाकवली असेल तर थरच उरत नाही, आणि काळ्या बेकेलाइटवर डाग नीट दिसत नाही. डाग न आल्याने वस्तू खोटी ठरत नाही.

नंतर भिंग घ्या. आतल्या बाजूला छोटे गोल ठसे आणि मध्ये तुटक्या देठासारखी खूण असेल तर वस्तू बहुधा साच्यात दाबाने वितळलेलं प्लास्टिक सोडून केलेली, म्हणजे नंतरच्या पद्धतीची. जुनं बेकेलाइट मुख्यतः साच्यात दाबून घडवलेलं, त्यावर असली देठाची खूण नसते. फार तर घासून काढलेली जोडरेघ दिसते. हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या वस्तूवर एकसारख्या समांतर रेघा असतील तर ते सेल्युलॉइड. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघा असतात.

पदार्थ फक्त 'वस्तू अमुक वर्षाच्या आधीची नाही' एवढंच सांगतो. टेबल टेनिसचे चेंडू 2014 पर्यंत सेल्युलॉइडचेच असत, आणि कढईची काळी मूठ आजही फिनॉलच्या रेझिनची असते. म्हणून वर्ष ठरवताना बिजागरी, स्क्रू, शिक्का, रंग यांची साक्ष जोडीला लागतेच.

ओळख पटली की सेल्युलॉइड आधी वेगळं काढा. ते कुजताना नायट्रोजनचे ऑक्साइड सोडतं, त्यांचं ओलाव्याशी मिळून आम्ल होतं आणि त्या आम्लानेच कुजण्याचा वेग आणखी वाढतो. हवाबंद डब्यात ही वाफ कोंडते, आणि शेजारचं सगळं खराब होतं. पहिली खूण बहुधा धातूवर दिसते: पितळी पिन हिरवी पडते, मग आत बारीक तडे जातात, शेवटी पृष्ठभाग चिकट होतो. अशी वस्तू थंड, कोरड्या, हवेशीर, अंधाऱ्या जागी, इतरांपासून दूर ठेवा.