फाइव्ह-एफयू दिल्यावर एन्झाइम का वाढतं? एका वादाची पार्श्वभूमी

नागपुरात विदर्भभरातून आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण केमोसाठी येतात. अनेकांना आधी फिकट पिवळसर ल्युकोव्होरिन (फोलेटचं एक रूप) चढवतात आणि मग फाइव्ह-एफयू, म्हणजे फ्लुओरोयुरासिल या केमोच्या औषधाचा पंप ४६ तास चालतो. पेशीत गेल्यावर फाइव्ह-एफयूचं जे रूप तयार होतं, ते थायमिडिलेट सिंथेज या, डीएनएचा एक घटक बनवणाऱ्या एन्झाइमला पकडून ठेवतं. ल्युकोव्होरिनमुळे ती पकड घट्ट होते. तरीही औषधानंतर पेशीत हेच एन्झाइम वाढलेलं दिसतं, आणि त्याचा संदेशवाहक आरएनए (ज्यावरून ते एन्झाइम बनतं ती जनुकाची नक्कल) मात्र तेवढाच असतो.

फाइव्ह-एफयू १९५७ पासूनचं औषध आहे. या कोड्याची पहिली उकल जिवाणूंच्या कामातून सुचली. ई. कोलाय या जिवाणूमधलं थ्रिओनिल-टीआरएनए सिंथेटेज (टीआरएनए या छोट्या आरएनएला अमिनो आम्ल जोडणारं एन्झाइम) स्वतःच्याच संदेशावर बसून रायबोसोमची, म्हणजे प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेची, वाट अडवतं, कारण तिथली घडी त्याच्या नेहमीच्या टीआरएनएसारखी दिसते.

१९९१ साली मानवी थायमिडिलेट सिंथेजबाबतही तसंच दिसलं. सशाच्या रक्तपेशींच्या अर्कात शुद्ध एन्झाइम घातलं की त्याच्याच आरएनएवरून प्रथिन बनणं मंदावायचं. एन्झाइमला आधीच औषधाचं रूप किंवा ते एरवी ज्यावर काम करतं ते द्रव्य चिकटवलं, तर हा अटकाव सुटायचा. एन्झाइम बसण्याची एक जागा एयूजीपाशीच, म्हणजे प्रथिन बनायला जिथून सुरुवात होते त्या खुणेपाशीच, सापडली. म्हणजे औषधाने पकडलेलं एन्झाइम आरएनएवरून उठतं, संदेश मोकळा होतो आणि नवं एन्झाइम तयार होतं. विचार अतिशय देखणा आहे, आणि आमच्याकडे एमएस्सीच्या वर्गात अजून बहुधा एवढंच शिकवलं जातं.

खरा गुंता या वाढीला दिलेल्या ‘इंडक्शन’ या शब्दात आहे. जनुकं चालू होण्याच्या अभ्यासातून आलेला हा शब्द ऐकला की मनात ‘नवं बनलं’ हेच येतं. प्रत्यक्षात मोजलेलं असतं ते फक्त ‘जास्त आहे’. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) अशा पेशींत दोन पट्ट्या दिसतात: वरची औषधाने पकडलेल्या एन्झाइमची, खालची मोकळ्याची. एकूण गडदपणा वाढला की मुलं वहीत लगेच ‘ट्रान्सलेशन (आरएनएवरून प्रथिन बनणं) वाढलं’ असं लिहितात. पण जुनं प्रथिन मोडायचं थांबलं, तरी पट्टी तितकीच गडद होईल. १९९९ साली जिवंत पेशींवरच्या प्रयोगांनी नेमकं हेच दाखवलं: औषधाने पकडलेल्या एन्झाइमचं अर्धायुष्य वाढतं, आणि वाढीचं मुख्य कारण तेच. पुढे कळलं की प्रोटिअसोम, म्हणजे पेशीतली प्रथिनं मोडणारी यंत्रणा, हे एन्झाइम युबिक्विटिनच्या (मोडायच्या प्रथिनाला एरवी लागणाऱ्या) खुणेशिवायच मोडते, आणि त्यासाठी एन्झाइमचं सुरुवातीचं सैलसर टोक महत्त्वाचं असतं.

माझा कल या दुसऱ्या बाजूकडे आहे: एन्झाइम नवं बनत नाही, जुनं टिकून राहतं. परीक्षानळीत एन्झाइम आरएनएला चिकटतं हे खरंच. पण रुग्णाच्या गाठीतली वाढ त्यानेच होते, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

औषध शोधणाऱ्यांना मात्र दोन्ही बाजूंमधून एकच दिशा मिळाली: औषध जिथे एन्झाइमला पकडतं, त्या कामाच्या खोबणीत शिरायचंच नाही. २०११ साली त्याच्या दोन जोडभागांमधल्या सांध्यावर बसणारे पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे) वापरून पाहिले गेले. अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ त्यांनी रोखली आणि एन्झाइम वाढलं नाही.