शासकीय विमानप्रवास, भारतातील

राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान, राज्यपाल, मुख्यमंत्री आणि प्रसंगी मंत्री यांनी सरकारी कामासाठी, सरकारी खर्चाने, खास विमानाने किंवा हेलिकॉप्टरने केलेला प्रवास. विमान हवाई दलाचे, राज्य सरकारच्या मालकीचे किंवा खासगी कंपनीकडून भाड्याने घेतलेले असते. सनदी अधिकाऱ्यांचा यात फारसा वाटा नाही. त्यांना नेहमीच्या प्रवासी विमानाचे तिकीट मिळते, आणि केंद्रात वेतनस्तर १४ च्या (सहसचिव दर्जाच्या) खालच्यांची सोय इकॉनॉमी वर्गातच होते. खास विमानांच्या खर्चावर टीका होते, पण खरा तिढा वेगळाच आहे. एखादा दौरा सरकारी की पक्षाचा, हे कोणी आणि कसे ठरवायचे?

केंद्रातील ही जबाबदारी हवाई दलाच्या एअर हेडक्वार्टर्स कम्युनिकेशन स्क्वाड्रनकडे आहे. १ नोव्हेंबर १९४७ रोजी स्थापन झालेल्या या तुकडीचा तळ दिल्लीत पालमला आहे. सुरुवातीला डकोटा विमाने होती, आता बोइंग ७३७ च्या खास आवृत्तीची तीन विमाने आणि एम्ब्रेअर लेगसी जातीची लहान जेट आहेत. ४ नोव्हेंबर १९७७ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांना घेऊन निघालेले टुपोलेव्ह-१२४ विमान आसामात जोरहाटजवळ कोसळले. देसाई बचावले, चालक दलातील पाच जण गेले. हेलिकॉप्टरांची नवी खरेदी मात्र वादात बुडाली: ऑगस्टा वेस्टलँडच्या १२ हेलिकॉप्टरांचा २०१० चा करार लाचखोरीच्या आरोपांनंतर १ जानेवारी २०१४ रोजी रद्द झाला.

लांबच्या परदेश दौऱ्यांसाठी अनेक वर्षे एअर इंडियाचे बोइंग ७४७ वापरले जाई. प्रवासी सेवेतले विमान काढून घ्यायचे, आतली मांडणी बदलून झोपण्याची व बैठकीची जागा करायची, दुसरे एक राखीव ठेवायचे आणि दौरा संपला की पुन्हा खुर्च्या बसवायच्या, असा तो खटाटोप होता. बिल संबंधित खात्यांच्या नावे निघे आणि बराच काळ थकलेले राही. सप्टेंबर २०१८ अखेर ही थकबाकी सुमारे ११४६ कोटी रुपये होती. तोट्यात चाललेल्या सरकारी कंपनीचा एक मोठा थकबाकीदार खुद्द सरकारच होते! मूळच्या जळगावच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या परदेश दौऱ्यांचा २०५ कोटींचा खर्च २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात उघड झाला, तेव्हा बराच गदारोळ झाला. त्यांतले १६९ कोटी एकट्या विमानांचे होते. २०२० मध्ये दोन बोइंग ७७७ विमाने कायमची याच कामासाठी आली. क्षेपणास्त्ररोधक यंत्रणेने सज्ज असलेली ही विमाने हवाई दलाचे वैमानिक चालवतात, आणि ती वाटेत इंधनासाठी न थांबता अमेरिका गाठतात. पंतप्रधानांसोबत पत्रकारांचा मोठा ताफा नेण्याची जुनी पद्धत त्याआधीच, २०१४ नंतर बंद झाली होती. त्यामुळे खर्च किती वाचला हे बाजूला ठेवले तरी परतीच्या वाटेवर विमानातच होणारी पत्रकार परिषद गेली, आणि हे नुकसान लहान नव्हे.

पंतप्रधान प्रचाराला निघाले की नियम बदलतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी नेहरूंच्या दौऱ्यांमुळे हा प्रश्न आला. सुरक्षेसाठी पंतप्रधानांनी हवाई दलाचेच विमान वापरावे, स्वतःचे भाडे प्रवासी विमानाच्या दराने भरावे आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांचा खर्च सरकारने सोसावा, असा तोडगा निघाला. सुरक्षेचे कारण खरे आहे, पण हिशेब फारच सोयीचा आहे. विमान उडवण्याचा खर्च वेगळा आणि एका आसनाचे भाडे वेगळे. माहितीच्या अधिकारातील उत्तरावर आधारलेल्या २०१९ च्या बातम्यांनुसार पंतप्रधान मोदींच्या २४० बिगरसरकारी फेऱ्यांपोटी भारतीय जनता पक्षाने हवाई दलाला १.४ कोटी रुपये दिले होते, आणि ओडिशातील बलांगीरहून केलेल्या एका फेरीचे भाडे ७४४ रुपये होते. नियम मोडला गेला नव्हता. नियमच तसा आहे, आणि सत्तेत आलेल्या कोणत्याही पक्षाने तो बदलण्याची घाई केलेली नाही. इंदिरा गांधींविरुद्धच्या निवडणूक याचिकेतही हवाई दलाच्या विमानांचा मुद्दा होता. १२ जून १९७५ च्या निकालात अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली, पण ती दुसऱ्या कारणांवरून. विमानांचा आक्षेप टिकला नाही.

इतर मंत्र्यांना ही सवलत नाही. आदर्श आचारसंहितेनुसार सरकारी दौरा आणि प्रचार एकत्र करता येत नाही, आणि पक्षहितासाठी सरकारी विमान वापरता येत नाही. संहिता लागू नसते तेव्हा मात्र बंधने सैल असतात. दौरा कार्यक्रमात जिल्हाधिकारी कार्यालयातील आढावा बैठक लिहिलेली असली की दौरा सरकारी ठरतो. मग दुपारी पक्षाचा मेळावा आणि संध्याकाळी कार्यकर्त्याच्या घरचे लग्न असले तरी हेलिकॉप्टर तेच राहते.

महाराष्ट्रात शासकीय विमान व हेलिकॉप्टरांची व्यवस्था सामान्य प्रशासन विभागाच्या अखत्यारीत येते. परवानगी कोणाच्या हाती, हा प्रश्न ११ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबई विमानतळावर चव्हाट्यावर आला. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी मसुरीच्या प्रशासकीय अकादमीतील कार्यक्रमासाठी डेहराडूनला निघाले होते. विमानात बसल्यावर त्यांना उड्डाणाची मंजुरी नसल्याचे सांगण्यात आले. आपण आधीच कळवले होते, असे राजभवनाचे म्हणणे होते. मंजुरीची खात्री करूनच विमानतळावर यायला हवे होते, असे ठाकरे सरकारचे उत्तर होते. विरोधी पक्षाने याला राज्यपालांचा अपमान म्हटले. कोश्यारी त्याच दिवशी तिकीट काढून प्रवासी विमानाने गेले.