पेनड्राइव्हमधले लग्नाचे फोटो जन्मभर टिकतात का?

‘लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर घेतले की ते जन्मभर टिकतात, अल्बम छापणे हा वायफळ खर्च आहे’ असा संदेश बरीच वर्षे फिरतो आहे. पिवळे पडलेले जुने फोटो अनेक घरांत असल्यामुळे तो पटतोही. परंतु तो अर्धाच खरा आहे.

डिजिटल फाइल कितीदाही उघडली तरी तिचा दर्जा घटत नाही, हे बरोबर. मात्र ती ज्या वस्तूवर साठवलेली असते, ती वस्तू नाशवंत असते. पेनड्राइव्हमध्ये माहिती सूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात राहते आणि तो भार, विशेषतः उष्ण जागी वर्षानुवर्षे पडून राहिल्यास, हळूहळू गळतो. बिघाड झाला की बहुधा सगळेच फोटो एकदम जातात. छापील फोटो उजेडाने फिका पडतो, कोकणातल्या पावसाळ्यात त्यावर बुरशीही चढते. पण हे नुकसान सावकाश होते आणि डोळ्यांना दिसते, त्यामुळे वेळीच काही करता येते.

याचा पडताळा घरीच घेता येईल. जुना पेनड्राइव्ह लावून केवळ फाइलींची नावे न पाहता प्रत्येक फोटो पूर्ण उघडून पाहावा. पिक्सेलही तपासावेत: ६ × ४ इंची छपाईला, इंचाला ३०० ठिपके धरल्यास, १८०० × १२०० पिक्सेल लागतात. माझ्या मते निवडक फोटो चांगल्या कागदावर छापून घ्यावेत आणि मूळ फाइली दोन वेगळ्या साधनांवर ठेवाव्यात, त्यांतले एक दुसऱ्या घरी.