लग्नपत्रिका कधी एपीके नसते

वाडीच्या ग्रुपवर लग्नाची पत्रिका आली, तीही ओळखीच्याच माणसाच्या नंबरवरून, तर संशय घेणार कोण? मे महिन्यात कोकणात एकेका दिवशी तीन तीन लग्नं असतात, घरोघर फिरून पत्रिका द्यायला कोणाला सवड नाही, त्यामुळे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच चालतं. कुडाळच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या एका काकांना अशीच पत्रिका आली, दोनतीनदा टॅप करून झालं आणि मग फोन माझ्या हातात दिला, "बघ रे, ह्यां काय उघडत नाय हा." नशीब उघडत नव्हतं! फाईलचं नाव 'लग्नपत्रिका' असंच होतं, पण त्याच्याखाली बारीक अक्षरात साईझ आणि पुढे 'एपीके' लिहिलेलं. आणि स्क्रीनवर अँड्रॉइडची सूचना, की या ठिकाणाहून आलेली अनोळखी ॲप्स इन्स्टॉल करायला परवानगी नाही, हवी असेल तर सेटिंगमध्ये जा. काकांना वाटलं फोन जुना झाला म्हणून अडतोय.

एपीके म्हणजे अँड्रॉइडचं अख्खं ॲप असलेली फाईल. पत्रिका ही फोटो असते, पीडीएफ असते, फार तर व्हिडिओ, आणि यातलं काहीही बघायला फोन कधी 'इन्स्टॉल करू का' असं विचारत नाही. विचारलं की समजायचं, हे बघायचं कागदपत्र नाही, चालणारा प्रोग्राम आहे. हाच माल कधी आरटीओचं चलान म्हणून येतो, कधी पीएम किसानची यादी, कधी 'आज रात्री लाईट कापणार' म्हणून वीजबिल. नाव बदलतं, आतला धंदा तोच.

आता आत नक्की काय होतं ते बघू, कारण 'फोन हॅक झाला' हे वाक्य सगळे बोलतात पण त्यातून काहीच कळत नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप चाळीतल्या बिऱ्हाडासारखं आपापल्या खोलीत राहतं, एकाच्या खोलीतलं दुसऱ्याला दिसत नाही. म्हणजे हे पत्रिकेचं ॲप तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये सरळ घुसू शकत नाही, ते काम खरंच अवघड आहे. मग चोर अवघड काम कशाला करेल, तो सोपं करतो, तुमच्याकडे परवानगी मागतो. ॲप उघडलं की पहिलाच प्रश्न येतो, या ॲपला एसएमएस पाठवू आणि पाहू द्यायचे का? आपल्याला पत्रिका बघायची घाई, आपण 'अलाउ' दाबून मोकळे.

त्या एका बोटाने काय दिलं बघा. बँकेचा ओटीपी एसएमएसनेच येतो, तो आला की हे ॲप वाचतं आणि नेटवरून चोराकडे पाठवून देतं, तुम्हाला कोणी फोन करून ओटीपी विचारतही नाही. म्हणूनच 'मी कोणालाच ओटीपी दिला नाही तरी पैसे गेले' असं लोक सांगतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात. दुसरा भाग त्याहून वाईट आहे. कुठलंही यूपीआय ॲप नव्या फोनवर चालू करताना त्या सिममधून एक एसएमएस आपोआप जातो, हा नंबर याच फोनमध्ये आहे अशी त्यावरून खात्री होते. एसएमएस पाठवायची परवानगी चोराच्या ॲपकडे असेल तर तो मेसेज तुमच्या सिममधून जातो आणि यूपीआय मात्र त्याच्या फोनवर चालू होतं. राहिला पिन. तो नवा करायला डेबिट कार्डाचे शेवटचे ६ आकडे, कार्डाची मुदत आणि एक ओटीपी लागतो. ओटीपी त्याच्याकडे पोचतोच आहे. कार्डाचे आकडे मिळवायला ॲपमध्ये खोटं पान असतं, म्हणजे 'आहेर पाठवा' किंवा 'चलान भरा, फक्त १ रुपया'.

काही ॲप्स आणखी पुढे जाऊन ॲक्सेसिबिलिटीची परवानगी मागतात. ही सोय आहे नीट न दिसणाऱ्या लोकांसाठी, स्क्रीनवरचं वाचून दाखवायला आणि त्यांच्या वतीने बटणं दाबायला, त्यामुळे ती ज्याच्या हातात गेली त्याला तुमचा फोन तुमच्यासारखाच वापरता येतो. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या ॲपला ही परवानगी सहज मिळत नाही, जरा आत शिरून द्यावी लागते. पण आपल्याकडे गावात फोन कुठला असतो? मुंबईच्या मुलाने तीनचार वर्षं वापरला, नवीन घेतला आणि जुना गणपतीला येताना आईसाठी आणला. त्याला सिक्युरिटी अपडेट येणं कधीच बंद झालेलं असतं, आणि जिथे येतात तिथे सड्यावर गेल्याशिवाय रेंज नाही, मग डाऊनलोड व्हायचं कधी. फोन देताना सेटिंगमध्ये सिक्युरिटी पॅचची, म्हणजे शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची, तारीख बघायला एक मिनिटही लागत नाही. ती दोन वर्षं जुनी असेल तर त्या फोनवर गप्पा मारा, नातवंडांचे फोटो बघा, बँक नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

ओळखीच्या नंबरवरून पत्रिका कशी येते, हेही यातच आलं. व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या फोनवर चालू करायला ६ आकडी कोड लागतो, तो येतो एसएमएसने, आणि एसएमएस कोण वाचतोय ते आपण पाहिलंच. एकाचं अकाउंट हातात आलं की त्याच्या सगळ्या ग्रुपवर तीच फाईल जाते, वाडीच्या, शाळेच्या, देवळाच्या कमिटीच्या. म्हणून 'पाठवणारा ओळखीचा आहे' या आधाराला इथे काडीची किंमत नाही. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केलं असेल तर नुसता एसएमएसचा कोड पुरत नाही, तुम्ही ठरवलेला पिनही लागतो. हे सेटिंग फुकट आहे आणि घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर करून टाकावं.

तारकर्ली, गुहागरकडे होमस्टेवाल्यांना वेगळा त्रास, 'आर्मीतून बोलतोय, सहा रूम हव्यात, ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा'. पैसे घ्यायला स्कॅनही करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून गेले, विषय संपला. व्यक्तीने व्यक्तीकडे पैसे मागायची जी कलेक्ट रिक्वेस्ट होती ती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच झाली आहे.

आणि एपीके इन्स्टॉल होऊन गेलं असेल तर? आधी फोन फ्लाईट मोडवर टाका आणि वायफायही बंद आहे ना ते बघा, फ्लाईट मोडमध्ये ते कधीकधी चालूच राहतं. नेट आणि सिम दोन्ही तुटलं की ॲपला बाहेर काही पाठवता येत नाही. पण एवढ्यावर थांबू नका, कारण यूपीआय चोराच्या फोनवर चालू झालेलं असेल तर तुमचा फोन बंद असून त्याचं काही अडत नाही. दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला सांगून खातं, कार्ड, यूपीआय ब्लॉक करायचं आणि पैसे गेले असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर लावायचा. तक्रार आली की पैसे ज्या बँकेत गेले तिथे ती कळवली जाते आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम अडवून ठेवतात. पुढच्या खात्यात गेले असतील तर पुढच्या बँकेला कळवतात. चोर एटीएममधून काढून मोकळा झाला की मग अडवायला काही उरत नाही, म्हणून 'संध्याकाळी मुलाला विचारून बघतो' असं करू नका. चूक आपली असली तरी लवकर कळवण्यात फायदा आहे, रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होतं ते बँकेवर येतं, आधीचं आपल्यावर.

त्यानंतर फोनची सफाई. ही ॲप्स बऱ्याचदा स्वतःचा आयकॉन लपवतात, त्यामुळे होम स्क्रीनवर शोधून सापडत नाहीत, सेटिंगमधली ॲप्सची पूर्ण यादी बघावी लागते. सापडलं तरी मी तर फोन फॅक्टरी रिसेटच करा म्हणेन, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा, फोटो आधी काढून घ्या आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

काकांच्या फोनवर त्या दिवशी काही झालं नव्हतं, फाईल डिलीट केली, बास. मग एक सेटिंग बघितलं, तुम्हीही बघा. सेटिंगच्या सर्च खिडकीत 'अननोन ॲप्स' टाइप केलं की एक यादी येते, व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाईल्स वगैरे, यातल्या कोणाला बाहेरची ॲप्स इन्स्टॉल करू द्यायची आहेत ते तिथे दिसतं. अँड्रॉइड ८ पासून ही परवानगी ॲपगणिक वेगळी असते. प्रत्येकासमोर 'नॉट अलाउड' हवं. काकांच्या फोनमध्ये क्रोमसमोर ती चालू होती, मागे कधीतरी नातवाने गेम टाकायला दिलेली.