किलोमागे सहा पैसे

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात सकाळी शिरलात की आधी वास येतो, मग पायाखाली कांद्याची सालं, आणि मग "बाजू, बाजू" करत अंगावर येणारी गोणी. गोणीखाली माणूस असतो. डोक्याला फडकं, हातात आकडा, पाठीवर ५० किलो. तो कुणाचा नोकर? आत्ता या गाळ्याचा, तासाभराने पलीकडच्या. दिवसभरात त्याची टोळी तीन-चार व्यापाऱ्यांचा माल उतरवते. मग त्याचा मणका सरकला तर दवाखान्याचं बिल कुणी भरायचं?

महाराष्ट्राने याचं उत्तर १९६९ साली दिलं. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेच्या लढ्यातून आलेल्या माथाडी कायद्याने हमालाचं संरक्षण मालकाशी न जोडता कामाशी जोडलं. व्यापारी हमाली बोर्डात भरतो आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरतो. बोर्डावर सरकार, मालक आणि कामगार तिघांचे प्रतिनिधी. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, औषधोपचार निघतात.

ओळखीचे एक व्यापारी म्हणतात, "या लेव्हीने आमचा धंदा बसवला." हिशेब मांडून बघू. समजा, गोणीमागे हमाली १० रुपये आणि लेव्ही ३० टक्के. (खरे दर मालागणिक बदलतात, हे आकडे फक्त हिशेबापुरते.) लेव्ही झाली ३ रुपये. ५० किलोंवर वाटली तर किलोमागे ६ पैसे. अवकाळी पावसाने कांद्याचा भाव याच्या शंभरपट सहज हलतो. तरी शेठचं सगळंच चुकतंय असं नाही, त्याकडे येतोच.

आधी हे पैसे एकत्र का गोळा करायचे, ते पाहू. समजा, वर्षाला दर ५० हमालांत एकाला मोठी दुखापत होते. ज्याच्याकडे पाचच हमाल आहेत त्याची बहुतेक वर्षं कोरडी जातात आणि एखाद्या वर्षी एकदम मोठं बिल येतं. तेव्हा तो हात वर करणार, हे ओघानेच आलं. आता १,००० हमाल एकत्र मोजा. सरासरी २० जण जखमी होतील, आणि जवळजवळ दरवर्षी हा आकडा ११ ते २९ यांच्या मध्येच राहील. पाच जणांपुरता जो जुगार होता, तो हजारांत गेला की जमाखर्चातली एक ओळ होतो. संख्याशास्त्रात याला मोठ्या संख्यांचा नियम म्हणतात. सगळा विमाधंदा त्यावर चालतो. शिवाय लेव्ही सगळ्या गाळ्यांना सारखी. हमालाच्या जिवावर माल स्वस्त करून शेजाऱ्याचं गिऱ्हाईक पळवायची सोय उरत नाही.

आणि लेव्ही खरंच व्यापाऱ्याच्या खिशातून जाते का? चिलीत १९८१ साली पेन्शनची व्यवस्था बदलली आणि कारखानदारांवरचा पगारामागचा कर काही वर्षांत सरासरी ३० टक्क्यांवरून ८.५ टक्क्यांवर आला. कर उतरला म्हणजे भरती वाढणार, असं कुणालाही वाटेल. जोनाथन ग्रुबर या अर्थतज्ज्ञांनी १९९७ साली कारखान्यांची आकडेवारी मांडली तेव्हा दिसलं की रोजगार जवळपास जागचा हलला नाही. कर जेवढा उतरला तेवढे पगार वाढले. म्हणजे आधीचा बोजा कामगारच कमी पगाराच्या रूपाने सोसत होते.

पण पगार आधीच तळाला असेल तर तो आणखी खाली सरकू शकत नाही. मग बोजा खरोखर मालकावर पडतो आणि तो नोंदणी नसलेला मजूर शोधतो. शेठची खरी अडचण इथे आहे. २०१६ पासून फळं-भाज्यांच्या, कांदा-बटाट्याच्याही, व्यापारावरचं बाजार समितीचं नियमन आवाराच्या कुंपणापुरतं उरलं. माथाडी कायदा कुंपणावर थांबत नाही, पण विखुरलेल्या गोदामांत कोण कुणाची गोणी उचलतो याची नोंद ठेवणं महाकठीण. भरीला माथाडींच्या नावावर खंडणी उकळणारे. केरळात तर हात न लावता नुसतं उभं राहून मागायच्या पैशांना 'नोक्कुकूली', म्हणजे बघण्याची मजुरी, असं नावच पडलं होतं. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. अशा टोळ्यांनी खऱ्या माथाडींचं जेवढं नुकसान केलं तेवढं व्यापाऱ्यांनीही केलं नसेल, असं माझं मत आहे.

आता मार्केटबाहेरच पाठीवर चौकोनी पिशव्या घेतलेली पोरं दुचाकीवर ऑर्डरची वाट बघत थांबलेली असतात. त्यांचंही हमालासारखंच: काम रोजचं, मालक कुणीच नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये त्यांच्यासाठी लेव्हीसारखीच तरतूद आहे. कंपनीने वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत द्यायचे, पण या कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांहून जास्त नाही. म्हणजे पोराला १०,००० रुपये दिले, तर निधीत फार तर ५००. त्यात अपघात विमा बसेल. म्हातारपणाची सोय बसणार नाही. कारखान्यातल्या कामगाराच्या पीएफमध्ये एकट्या मालकाचेच १२ टक्के जातात.